चाळीच्या संग्रहालयात भांडणालाही जागा हवी

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांच्या हाती नव्या घरांच्या किल्ल्या आल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या काढलेली माणसे ५०० चौरस फुटांच्या, स्वतःचा संडास असलेल्या घरात राहायला गेली. या गोष्टीचा आनंद ज्याला होत नाही त्याने चाळ लांबूनच पाहिली आहे, असे मी म्हणेन. मात्र चाळी पाडायला सुरुवात झाल्यापासून एक दुसरी चर्चाही सुरू आहे. या वस्तीची आठवण म्हणून एखादी चाळ, निदान एखादा मजला, संग्रहालय म्हणून राखावा का, आणि राखला तर त्यात काय मांडावे? चर्चा आवश्यकच आहे, पण ती ज्या रीतीने चालली आहे ती मला अस्वस्थ करते. एका पक्षाचे म्हणणे असे की एक खोली जशीच्या तशी सजवावी, म्हणजे पितळी भांडी, पत्र्याची ट्रंक, वातीचा स्टोव्ह, खुंटीवरची टोपी आणि माळ्यावरच्या वळकट्या. दुसऱ्या पक्षाला ते जुनाट वाटते. त्याला मोठे पडदे, भिंतींवर हलणारी चित्रे आणि अंगावर येणारा गिरणीचा भोंगा हवा आहे. तिसरा पक्ष विचारतो की ज्या शहरात माणसाला राहायला जागा नाही तिथे आठवणींना जागा कशाला? तिन्ही पक्ष हिरिरीने बोलतात. पण चाळीबद्दल काय सांगायचे हे ठरलेलेच आहे, ते कसे सांगायचे किंवा सांगायचे की नाही एवढेच उरले आहे, अशी तिघांचीही समजूत दिसते. माझ्या मते नेमके तेच ठरलेले नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. वस्तीच्या संग्रहालयाची आखणी वस्तूंपासून सुरू करू नये, आणि यंत्रांपासून तर मुळीच करू नये. त्या वस्तीतले जे प्रश्न आजही मिटलेले नाहीत, ज्यांच्यावरून एकाच घरातले दोघे भाऊ आजही जेवणाच्या ताटावर तावातावाने बोलतात, त्या प्रश्नांपासून ती सुरू करावी. वस्तू त्या प्रश्नांच्या साक्षीला बोलवाव्यात. वस्तूखालची पाटी रहिवाशांनी लिहावी आणि लिहिणाऱ्याचे नाव तिच्यावर असावे, म्हणजे दुसऱ्या रहिवाशाला ती खोडून काढण्याचा, निदान तिच्या शेजारी आपली पाटी लावण्याचा हक्क राहील. ज्या संग्रहालयात वस्तीतला माणूस शिरून ‘हे असं नव्हतं’ असे म्हणू शकत नाही, ते त्या वस्तीबद्दलचे संग्रहालय असेल, पण त्या वस्तीचे नव्हे.

हा भेद शब्दांचा खेळ वाटू नये म्हणून गिरणगावाच्या अगदी उंबरठ्यावरचे उदाहरण घेतो. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावाने लोकांसाठी खुले झाले. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली आणि दोन वर्षांनी ती ताडदेवला चालू झाली. म्हणजे संग्रहालय आणि गिरण्या ही एकाच काळाची अपत्ये आहेत. या संग्रहालयात शहरातल्या जातींच्या, धंद्यांच्या आणि पगड्यांच्या छोट्या मातीच्या मूर्ती आहेत. कारागिरी विलक्षण आहे. मी लहानपणापासून त्या पाहत आलो आहे आणि आजही त्यांच्यासमोर रेंगाळतो. पण त्या मूर्तींना पोशाख आहे, धंदा आहे, जात आहे, नाव मात्र नाही. पाहणारा एक आणि पाहिला जाणारा दुसरा, ही त्या मांडणीची मूळ रचना आहे. २००३ ते २००८ या काळात त्या वास्तूचे अतिशय काळजीपूर्वक जतन झाले आणि आजचे संग्रहालय त्या जुन्या दृष्टीबद्दल स्वतःच प्रश्न विचारते, हे आवर्जून सांगायला हवे. प्रश्न चाळीच्या संग्रहालयाचा आहे. मेणाचा गिरणी कामगार मेणाच्या मागासमोर उभा करून आपण दीडशे वर्षांनंतर पुन्हा त्याच काचेच्या कपाटात शिरणार आहोत का?

वस्तीच्या संग्रहालयाचा दुसरा मार्ग कसा असतो हे दाखवणारी एक गोष्ट वॉशिंग्टन शहरात घडली. स्मिथसोनियन या अवाढव्य संस्थेने सप्टेंबर १९६७ मध्ये अॅनाकोस्टिया या प्रामुख्याने कृष्णवर्णीयांच्या, गरीब वस्तीत, एका बंद पडलेल्या चित्रपटगृहात छोटेसे संग्रहालय उघडले. मूळ कल्पना अशी होती की मोठ्या संग्रहालयातल्या काही वस्तू गरिबांच्या दाराशी नेऊन ठेवायच्या. पण संचालक म्हणून त्याच शहरात वाढलेले आणि वस्तीत काम करणारे जॉन किनार्ड आले, आणि संग्रहालयाने वस्तीचे ऐकायला सुरुवात केली. मुलांच्या बोलण्यातून उंदीर निघाले: घरातले, रात्री चावणारे उंदीर. १९६९ मध्ये या संग्रहालयाने उंदरांवरच प्रदर्शन भरवले, आणि त्यात जिवंत उंदीर ठेवले. उंदीर कुठून येतो, कचरा का उचलला जात नाही, घरमालकाची जबाबदारी काय, हे सगळे त्या एका प्राण्याभोवती मांडले गेले. अनेक शिष्ट लोकांना ते संग्रहालयाच्या प्रतिष्ठेला शोभणारे वाटले नसेल. परंतु ‘आमच्याकडे काय सुंदर आहे’ यापेक्षा ‘आमच्याकडे काय चालले आहे’ हा प्रश्न आधी विचारला की वस्तू आपोआप बदलतात, हे त्या प्रदर्शनाने दाखवले. पुढे १९७२ मध्ये चिलीतील सांतियागो येथे युनेस्कोच्या पुढाकाराने झालेल्या परिषदेत लॅटिन अमेरिकेतल्या संग्रहालयतज्ज्ञांनी संग्रहालयाच्या सामाजिक जबाबदारीचा जो विचार मांडला तोही याच वाटेवरचा होता.

आता गिरणगावात येऊ. समजा, संग्रहालयात एक धोटा ठेवायचा आहे. नेहमीची पाटी मी डोळे मिटून सांगू शकतो: ‘धोटा. लाकूड व धातू. मागावर आडवा धागा नेण्यासाठी वापर.’ यात चूक काहीच नाही, आणि सांगितलेही काहीच नाही. नवी कांडी भरल्यावर तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून सवर्ण कामगारांनी दलित कामगारांना विणकाम खात्यात येऊ दिले नाही. आणि विणकामाचा पगार तर सूतकताईपेक्षा चांगला होता. मालकाविरुद्ध एकजूट करून उभ्या राहिलेल्या कामगारांमध्येच ही भिंत होती. पिण्याच्या पाण्याची भांडीसुद्धा वेगळी असत. १९२८च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला आणि सर्व खाती दलित कामगारांना खुली व्हावीत असा आग्रह धरला. ते स्वतः परळच्या बीआयटी चाळीत वीसेक वर्षे राहिलेले होते. गिरणगाव त्यांनी बाहेरून पाहिलेला नव्हता.

हा धोटा मी कसा मांडेन? कपाटात नाही. एका उघड्या लाकडी टेबलावर, हातात घेता येईल असा एक आणि काचेखाली जपलेला एक. शेजारी दोन पाट्या. एक विणकाम खात्यात आयुष्य काढलेल्या कामगाराच्या घरच्यांनी लिहिलेली: हाताचा वेग, मागांच्या खडखडाटात बसलेले कान, एका पाळीत सुटणाऱ्या धाग्यांचा हिशेब. दुसरी, त्या खात्याच्या दारातून परत पाठवल्या गेलेल्याच्या नातवाने लिहिलेली. दोन्ही पाट्या सारख्याच आकाराच्या, सारख्याच उंचीवर. कोणती आधी वाचायची हे पाहणाऱ्याने ठरवावे. तिसरी, ‘समतोल’ साधणारी, तज्ज्ञाने लिहिलेली पाटी तिथे असू नये असे माझे ठाम मत आहे, कारण ती आली की पहिल्या दोन्ही पाट्या कुणी वाचत नाही. तज्ज्ञाचे काम वेगळे आहे: साल बरोबर आहे का, खात्याचे नाव बरोबर आहे का, ही प्रथा इतर गिरण्यांतही होती का, हे तपासून देणे.

दुसरा विषय १९८२च्या संपाचा. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले; तो संप औपचारिकरीत्या कधी मागेच घेतला गेला नाही. या संपाबद्दल गिरणगावात एकच मत आहे असे ज्याला वाटते त्याने एका संध्याकाळी लालबागच्या कुठल्याही नाक्यावर जुन्या माणसांमध्ये बसावे. कुणी डॉक्टरांना दोष देतो, कुणी मालकांना. कुणी म्हणतो की गिरण्या तशाही बंद करायच्याच होत्या, संप हे निमित्त झाले. कुणी सरकारने एकाच कामगार संघटनेला मान्यता देणारा कायदा हट्टाने धरून ठेवल्याचे सांगतो. आणि कुणी गप्प राहतो, कारण तो पोलिसांच्या बंदोबस्तात कामावर परत गेला होता. त्या गप्प राहणाऱ्याची पाटी कोण लिहिणार? संपाच्या दालनात लाल झेंडे, सभांची छायाचित्रे आणि घोषणा लावणे सोपे आहे आणि ते लावलेही पाहिजे. परंतु ज्या घरात धाकटा भाऊ कामावर गेला आणि थोरला गेला नाही, त्या घरातला पुढच्या दहा वर्षांचा अबोला मांडता आला, तर येणाऱ्या मुलाला कळेल की संप ही मैदानातली घटना होती तशीच ती स्वयंपाकघरातलीही घटना होती.

माझ्या भूमिकेवरचा सर्वांत वजनदार आक्षेप इथेच येतो आणि तो बाहेरच्यांचा नाही, चाळीतल्यांचाच आहे. ते म्हणतात, आयुष्यभर आमच्याकडे गर्दी, घाण आणि भांडणे म्हणूनच पाहिले गेले. आता कुठे आमच्या वस्तीचे संग्रहालय होते आहे, तर त्यातही तुम्ही भांडणेच मांडणार का? आम्हाला एकदा तरी अभिमानाने मान वर करून पाहू द्या. हा आक्षेप मी मनापासून मान्य करतो. ज्यांचा इतिहास दुसऱ्यांनी तुच्छतेने लिहिला त्यांना स्वतःच्या गौरवाचा पहिला हक्क आहे. याहून कठीण गोष्टही आहे. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या याच बीडीडी चाळींमध्ये दलित पँथर आणि शिवसेना यांच्यातल्या संघर्षातून दंगल उसळली. १० जानेवारीला भागवत जाधव हा पँथर कार्यकर्ता वरून टाकलेल्या वाटणाच्या दगडी पाट्याने ठार झाला. एका चाळीतून दुसऱ्या चाळीवर दगड पडत होते. त्या चाळींतली कुटुंबे आज एकाच मनोऱ्यात, एकाच उद्वाहकातून वर जाणार आहेत. त्यांच्या तळमजल्यावर त्या दिवसांचे प्रदर्शन भरवून आपण नेमके काय साधणार?

या प्रश्नाला झटपट उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. तरीही मला वाटते की न मांडणे हे मांडण्यापेक्षा अधिक घातक आहे, आणि त्याचे कारण साधे आहे. दोन्ही बाजूंच्या घरांत तो इतिहास सांगितला जातोच; फक्त एकमेकांना ऐकू येणार नाही अशा आवाजात आणि दर पिढीला थोडा अधिक कडवट करून. संग्रहालय ही दोन्ही आवृत्त्या एका भिंतीवर आणू शकणारी एकमेव जागा असू शकते. मात्र त्यासाठी पथ्ये हवीत. ज्या घरातले माणूस गेले त्या घराच्या संमतीशिवाय त्याचे छायाचित्र लावू नये. हल्ला करणाऱ्यांची म्हणून ऐकीव नावे कुठेही येऊ नयेत. जे नोंदीत सिद्ध झाले तेवढेच लिहावे. आणि वस्ती अजून तयार नसेल, तर तिथे एक रिकामी चौकट लावावी, खाली तारीख लिहावी आणि ‘याबद्दल लिहिण्याचे काम चालू आहे’ एवढेच म्हणावे. रिकामी चौकट ही लपवाछपवी नाही. इथे काहीतरी घडले एवढे ती नक्की सांगते. अहमदाबादेत २०१३ पासून चालू असलेले कॉन्फ्लिक्टोरियम हे संग्रहालय संघर्ष हाच विषय घेऊन मिर्झापूरसारख्या जुन्या वस्तीत उभे आहे. म्हणजे भारतात हे शक्यच नाही, हे म्हणणे खरे नव्हे. आणि अभिमानाचे काय? मला वाटते, संडासाच्या रांगेत उभे राहून, बादलीभर पाण्यासाठी पहाटे उठून, तरीही ज्या वस्तीने संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात छातीवर गोळ्या झेलल्या, तिचा अभिमान रांगेचा उल्लेख टाळून वाढत नाही.

दुसरा आक्षेप तज्ज्ञांचा. रहिवाशांची आठवण फसवी असते, साल चुकते, दोन प्रसंगांचा एक होतो, गरिबीवर नंतर प्रेमाचा मुलामा चढतो. हे खरे आहे. पण लेखी कागद तरी कुणाचे आहेत? गिरणीची नोंदवही मालकाची, अटकेची नोंद पोलिसांची, चाळीचा अहवाल सरकारचा. १९२० साली स्थापन झालेल्या मुंबई विकास विभागाने, म्हणजे ज्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘बीडीडी’ हे नाव पडले त्या खात्याने, पन्नास हजार गाळे बांधण्याचे ठरवले होते. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या, एकेका चाळीत ८० खोल्या. सुरुवातीला भाडे आणि गैरसोयी यांमुळे अनेक खोल्या रिकाम्या राहिल्या आणि सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा उपयोग तुरुंग म्हणून झाला. हे सारे आपल्याला कागदांमुळे कळते आणि त्याबद्दल त्या कागदांचे ऋण आहे. पण त्या खोलीत पाळीने झोपणे म्हणजे काय, हे एकाही कागदात नाही. रात्रपाळीचा माणूस आला की दिवसपाळीच्या माणसाने सोडलेल्या, अजून ऊब असलेल्या वाकळेवर आडवा होई. रत्नागिरी-साताऱ्याच्या एकेका गावच्या खोलीत पंधरा-वीस माणसे राहत. प्रत्येकाची एक ट्रंक, एक खुंटी आणि महिन्याच्या खर्चातला ठरलेला वाटा. ही खोली सजवायची तर एका वेळेची सजवता येत नाही. म्हणून मी भांडी मांडण्याआधी घड्याळ मांडेन: सकाळी सात, दुपारी साडेतीन आणि मध्यरात्र, अशा तीन वेळांना त्याच खोलीचा उजेड, आवाज आणि जमिनीवरची माणसांची रचना कशी बदलते ते दाखवेन. त्यासाठी तीन दिवे, एक ध्वनिमुद्रण आणि जमिनीवर रंगाने काढलेल्या अंथरुणांच्या रेषा पुरतात.

तज्ज्ञांचे एक म्हणणे मात्र मला पूर्णपणे पटते आणि उत्साही कार्यकर्ते नेमके तेच विसरतात: वस्तू टिकवणे हे शास्त्र आहे. मुंबईच्या जुलैतल्या दमट हवेत कागदाला बुरशी येते, कसर लागते, छायाचित्रे एकमेकांना चिकटतात. कापड आणि कागद यांवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) जास्त प्रकाश पडू नये असा संकेत आहे, आणि आपल्याकडे तर दुकानासारखे झगझगीत दिवे लावायची हौस. म्हणून मूळ संपपत्रक फडताळात, आम्लरहित कागदात गुंडाळून. भिंतीवर त्याची उत्तम प्रत. मूळ वस्तू पाहण्याचा आग्रह ज्याला असेल त्याला ती वेळ ठरवून दाखवावी. पाट्यांची अक्षरे सत्तरीतल्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता येतील एवढी मोठी, वाक्ये मोठ्याने वाचली तर दम लागणार नाही एवढी लहान, आणि दर दहा पावलांवर पाठ टेकता येईल असे बाक. या गोष्टी फार क्षुल्लक समजल्या जातात. पण ज्यांच्याबद्दल संग्रहालय आहे ती माणसे आता म्हातारी आहेत.

वस्तूंबद्दल बोलताना पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची आठवण येणे स्वाभाविक आहे. डॉ. दि. गं. केळकर यांनी अकाली गेलेल्या मुलाच्या स्मृतीसाठी त्याच्या नावाने हा संग्रह उभा केला आणि पुढे तो महाराष्ट्र शासनाला दिला. दिवे, अडकित्ते, वज्र्या, कुलपे, स्वयंपाकाची भांडी. ज्या वस्तू कोणी संग्रहालयात ठेवण्याच्या लायकीच्या समजत नव्हते त्या त्यांनी गावोगाव हिंडून जमवल्या. घरगुती वस्तूला मान देण्याचा हा महाराष्ट्रातला मोठाच धडा आहे. तरी तो कलावस्तूंचा संग्रह आहे. तिथला अडकित्ता सुंदर आहे म्हणून तिथे आहे. चाळीतली वस्तू बहुधा सुंदर नसते. खानावळ चालवणाऱ्या बाईंची उधारीची वही घ्या. महिन्याच्या पगारावर जेवणारे गिरणी कामगार, त्यांची नावे, खाडे, बाकी. आणि संपाचे महिने सुरू झाल्यावर वाढत जाणारी, कधीच न फिटलेली बाकी. अशी वही म्हणजे दोन रुपयांचा कागद, पण संपाचा भार कोणी उचलला याचा एवढा थेट पुरावा दुसरा नसेल. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा खानावळवाल्या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा सावकाराच्या व्याजातून सुटण्यासाठी बँकेचे कर्ज मिळवणे हाच मुख्य मुद्दा होता. पितळेची परात चकाकवून ठेवण्यापेक्षा वहीचे ते पान उघडून ठेवा, असे मला म्हणायचे आहे. आणि ती वही त्या घराकडून देणगी म्हणून कायमची घेऊ नका. पाच वर्षांसाठी उसनी घ्या, पावती द्या, नातीच्या लग्नात तिला ती घरी न्यावीशी वाटली तर नेऊ द्या.

जागेचा आक्षेप उरतो. घरांची टंचाई असलेल्या शहरात हा चैनीचा विचार आहे का? गिरण्यांच्या जमिनींवर काय उभे राहिले ते आपण पाहिले आहे. लोअर परळच्या मॉलमध्ये गिरणीची चिमणी शोभेसाठी उभी आहे आणि घरासाठी अर्ज केलेले कामगार अजून वाट पाहत आहेत. एकाही कुटुंबाचे घर अडवून संग्रहालय होणार असेल तर ते होऊ नये, यात माझ्या मनात शंका नाही. पण वस्तीच्या संग्रहालयाला जागा किती लागते? न्यूयॉर्कच्या ९७, ऑर्चर्ड स्ट्रीट या १८६३ सालच्या भाडेकरूंच्या इमारतीत सुमारे सात हजार माणसे येऊन राहून गेली. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या टेनेमेंट म्युझियमने त्यांतली मोजकी कुटुंबे निवडून त्यांच्या छोट्या छोट्या खोल्यांतूनच शहराच्या स्थलांतराचा इतिहास सांगितला. भोपाळमध्ये वायुपीडितांनी स्वतः चालवलेल्या, २०१४ मध्ये उघडलेल्या संग्रहालयात मोजक्या वस्तू आहेत आणि त्यांच्याजवळ टेलिफोनचे रिसीव्हर टांगलेले आहेत. कानाला लावला की त्या वस्तूच्या घरचे माणूस बोलू लागते. एवढे साधे तंत्र, आणि ऐकणारा जागचा हलत नाही. चाळीच्या संग्रहालयाला दोन खोल्या आणि त्यांच्यासमोरची गॅलरी मिळाली तरी पुरे. कोट्यवधींचे पडदे मागणाऱ्यांनी हेही सांगावे की पाचव्या वर्षी ते बंद पडल्यावर दुरुस्त कोण करणार.

शिवाय मांडणीचे कौशल्य बाहेरून आणायची गरज आहे, हे तरी कोणी ठरवले? लालबाग-परळच्या मंडळांनी दर वर्षी गणेशोत्सवात देखावे उभे करताना जे शिकले आहे ते कोणत्याही प्रदर्शनशाळेत शिकवले जात नाही. रांगेतल्या माणसाला किती सेकंद मिळतात, त्याची नजर आधी कुठे जाते, मागच्या मुलाला खांद्यांमधून काय दिसते, निवेदनाचा आवाज कुठे चढवायचा, हे तिथल्या नेपथ्यकारांना, सुतारांना, वायरमनला पक्के माहीत आहे. चालू घडामोडींवर धारदार भाष्य करणारे देखावेही या वस्तीला नवे नाहीत. दिवाळीत अंगणात किल्ला करणारी मुलेही भूगोल आणि इतिहास एकत्र मांडतच असतात. संग्रहालयाच्या आखणीसाठी निविदा काढताना या माणसांना मजूर म्हणून न बोलावता रचनाकार म्हणून बोलवावे. देखावा दर वर्षी बदलतो, हीही त्यातली शिकण्यासारखी गोष्ट आहे: वर्षातून एक विषय, एक भिंत पूर्ण नवी, आणि जुनी भिंत उतरवण्याआधी रहिवाशांची एक उघडी बैठक.

त्या बैठकीला कोणाला बोलवायचे? वस्ती म्हणजे आज तिथे नाव असलेले भाडेकरू एवढाच अर्थ घेतला तर अर्धा गिरणगाव बाहेर राहील. संपानंतर डोंबिवली, नालासोपाऱ्याला गेलेले, गावी परतलेले, पद्मशाली विणकर ज्यांच्या घरात तेलुगू बोलली जाई, मदनपुऱ्यातले मोमीन विणकर, कुडांमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडांत, राहणारे गोव्याचे खलाशी आणि आचारी हेही या पट्ट्याचेच रहिवासी. मराठी पाटीशेजारी तेलुगू आणि उर्दू पाटी दिसली तर मराठीचे काही कमी होणार नाही. उलट मराठी ही या सर्वांना एकमेकांशी भांडता येणारी भाषा होती, हे दिसेल.

केपटाऊनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स या वस्तीतून वर्णभेदी सरकारने साठ हजारांवर माणसांना हुसकावून लावले आणि घरे जमीनदोस्त केली. १९९४ मध्ये जुन्या चर्चमध्ये त्या वस्तीचे संग्रहालय उघडले तेव्हा जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा पसरला होता आणि माणसे गुडघ्यांवर बसून आपले घर कुठे होते ते त्यावर लिहीत होती. तिथे टांगलेल्या रस्त्यांच्या जुन्या पाट्या ज्याच्याकडे मिळाल्या तो पाडकामावर देखरेख करणारा माणूस होता. त्याने त्या फेकून न देता इतकी वर्षे जपून ठेवल्या होत्या. आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. इथे माणसे हुसकावली जात नाहीत, त्यांना त्याच जागी घर मिळते आहे. पण पाटीचे दुःख सारखेच आहे. ज्या आठवड्यात कुटुंब नव्या घरात जाते त्याच आठवड्यात दारावरची नावाची पाटी, खोली क्रमांकाचा पत्रा, भाड्याच्या पावत्यांचा गठ्ठा आणि उधारीची वही भंगारवाल्याच्या गाडीवर चढते, कारण नव्या घरात त्यांना जागा नसते आणि कोणी मागायलाही आलेले नसते. संग्रहालयाची इमारत, समिती, निधी हे सगळे यथावकाश होईल. त्या गाडीच्या आधी दारात पोहोचून ‘ही पाटी पाच वर्षांसाठी आम्हाला द्याल का, आणि तिच्याबद्दल चार ओळी लिहून द्याल का’ असे विचारण्यासाठी चाळीतलीच पाच-सहा मुले आणि एक पावतीपुस्तक लागते. ज्या चाळी अजून पाडल्या गेलेल्या नाहीत तिथे हे काम याच महिन्यात सुरू करता येईल.